मस्टँग जीटी देऊन सात सीटची गाडी: दोन बेबी सीट, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई आणि महिन्याला एक कोल्हापूर

कात्रज_जुना_बोगदा

नमस्कार मंडळी. सध्याची गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७, ५.० लिटर व्ही८, ऑटोमॅटिक. एमएच १२ पासिंग, पहिली मालक मीच, ३१,००० किमी. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय. एक्झॉस्ट बाहेरचं बसवलेलं आहे, मूळचं घरी जपून ठेवलंय. नंबरप्लेट जुनीच आहे.

घरात आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी, तीन महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. त्यांचं वय ७२, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. रोज कोथरूड ते मगरपट्टा, महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन कोल्हापूर. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, उंची ५ फूट ३ इंच. बजेट ऑन-रोड ३५ ते ३८ लाख, ऑटोमॅटिकच हवी, नवी किंवा चांगली जुनी चालेल. यादीत इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, एक्सयूव्ही७०० आणि जुनी कोडियाक पेट्रोल आहे.

विचारायचं ते असं: पाच माणसांना खरंच सात सीटची गाडी लागते का? यातली कुठली घ्यावी? आणि मस्टँग शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी?

---

मागची_सीट

ताई, ब्रोशर मिटवून ठेवा आणि मेजरिंग टेप काढा. तुमचा प्रश्न इंजिनाचा नाही, दुसऱ्या रांगेच्या रुंदीचा आहे.

आय-साइझ या युरोपीय मानकाच्या बेबी सीटला जास्तीत जास्त ४४ सेंमी रुंदीची चौकट ठरवून दिलेली आहे. बाळाची एक आणि मुलीचा पाठ असलेला बूस्टर, असे दोन ठेवले की ८८ सेंमी गेले. मधल्या आकाराच्या गाडीत मागचं बाक आतून साधारण १३० ते १४० सेंमी असतं. कागदावर मध्ये ४२ ते ५२ सेंमी उरतात, पण प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. आयसोफिक्सचे (बेबी सीट गाडीला थेट अडकवायचे) हूक दाराला चिकटून नसतात, थोडे आत असतात, त्यामुळे सीट मधल्या जागेवर सरकते. वर मधल्या पट्ट्याचं बकल त्या सीटच्या तळाखाली दबतं. मोठ्या माणसाला तिथे बसून पट्टा लावताच येत नाही, आणि पट्ट्याशिवाय कोल्हापूर करू नका.

म्हणजे सासूबाई पुढे, तुम्ही स्टिअरिंगवर, मुलं दुसऱ्या रांगेत. मग पाचवा माणूस कुठे? तिसऱ्या रांगेत. सात सीट तुम्हाला लागतात त्या याच एका माणसासाठी.

इथेच कॅप्टन सीट आणि बाक यांतला फरक कळतो. बाक असलेल्या गाडीत तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेतली कडेची सीट पुढे पाडावी लागते. तिच्यावर बेबी सीट बसलेली असेल तर ती पडत नाही. प्रत्येक वेळी सीट काढायची, माणूस आत घालायचा, परत बसवायची, आणि घाईत बसवलेली सीट सैल राहते. कॅप्टन सीटमध्ये दोन खुर्च्यांच्या मधून वाट असते. दोन्ही बेबी सीट जागच्या जागी राहतात आणि माणूस मधून मागे जातो. हायक्रॉस कॅप्टनवाली सात सीटची मिळते, बाकवाली आठ सीटचीही मिळते. शोरूमवाला जी तयार आहे ती पुढे करेल. तुम्ही सात सीटचीच मागा.

आता बाळाची सीट कुठल्या बाजूला? सहसा डावीकडे सांगतात, म्हणजे फुटपाथच्या बाजूने बाळ उचलता येतं. तुमच्याकडे अडचण अशी की उलट्या तोंडाची सीट पुढच्या खुर्चीला पुढे ढकलते, आणि डाव्या पुढच्या खुर्चीवर सासूबाई आहेत. त्यांचा गुडघा पूर्ण वाकत नसणार, त्यांना पाय लांब करायला जागा हवीच. तुमची उंची ५ फूट ३ इंच असल्याने तुमची खुर्ची तशीही पुढे असते. म्हणून बाळ तुमच्या मागे, मुलगी सासूबाईंच्या मागे. याची किंमत एकच: बाळाला उजव्या दारातून, वाहतुकीच्या बाजूने काढावं लागतं. रस्त्याच्या कडेला थांबलात तर ते दार उघडू नका. डाव्या दाराने आत जा आणि मधल्या वाटेतून बाळ काढा. कॅप्टन सीटचा हा दुसरा फायदा.

बसवताना हे तपासा. आयसोफिक्सचे दोन हूक २८ सेंमी अंतरावर असतात, दोन्हीकडे खटका वाजून हिरवी खूण दिसली पाहिजे. बेबी सीटच्या आधाराचा पाय गाडीच्या तळाला घट्ट टेकायला हवा. काही गाड्यांत पायाखाली पोकळ कप्पा असतो, त्याच्या झाकणावर पाय टेकवायचा नाही. सीटचा तळ जिथे अडकवलाय तिथे धरून हलवा, अडीच सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये. उलट्या तोंडाच्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आले पाहिजेत. पट्टा ओढल्यावर खांद्याजवळ चिमटीत पकडून बघा, चिमटीत आला तर सैल आहे. दुपट्यात गुंडाळून पट्टा लावू नका. आधी पट्टा, मग वरून दुपटं. बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत उलट्या तोंडानेच, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलट्या तोंडाची सीट कधीच नाही.

मुलीच्या बूस्टरला गाडीचा तीन टोकांचा पट्टा पुरतो. खालचा भाग पोटावर नाही, मांडीच्या वर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. वरचा भाग मानेला घासत असेल तर बूस्टरच्या कडेचा पट्टा ओवायचा मार्गदर्शक एक घर खाली घ्या. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा योग्य सीटशिवाय नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी खाली १,००० रुपये दंड आहे. खरं कारण अर्थात दंड नाही.

पुणे–कोल्हापूर सुमारे २३० किमी. एवढ्या लहान बाळाला बेबी सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, त्याआधीच थांबलात तर अधिक चांगलं. साताऱ्याला आणि कराडला थांबा, आणि नुसतं कडेवर घेऊ नका. सीटमधून काढून दहा-पंधरा मिनिटं पाठीवर सपाट झोपवा. बसलेल्या स्थितीत मान पुढे पडते आणि श्वास अडतो, म्हणून हा नियम आहे.

सासूबाईंना शोरूमला सोबत न्याच. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत उंची मोजा. बहुतेक वयस्कांना ५५ ते ६५ सेंमी सोयीची पडते: खाली बसावंही लागत नाही, वर चढावंही लागत नाही. आधी पाठ दाराकडे करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. त्यासाठी उंबऱ्याची रुंदी आणि दार किती उघडतं तेही बघा. तुमच्या सोसायटीत दोन गाड्यांच्या मध्ये दार अर्धंच उघडत असेल तर शोरूममधला अनुभव फसवा ठरतो. चाचणीला गाडी घरी मागवा आणि तुमच्याच पार्किंगमध्ये त्यांना बसवून उतरवा.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण काही लोक तोपर्यंत मस्टँगच्या मागे मुलांना बसवत राहतात. याच पिढीच्या मस्टँगला जानेवारी २०१७ मध्ये गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने पाचपैकी दोनच तारे दिले. समोरून धडकल्यावर मागच्या सीटवरचा पुतळा पट्ट्याखालून घसरला, कारण मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा) आणि लोड लिमिटर (छातीवरचा ताण मर्यादित ठेवणारा) नव्हते. सुधारित गाडीला त्याच वर्षी तीन तारे मिळाले. गाडी विकेपर्यंत मुलांना त्यात मागे नेऊ नका.

---

टॉर्क_रेंच

आसनांचं वरती नीट सांगितलंय, मी चालवण्याचं सांगतो.

जुनी कोडियाक तुमच्या यादीत चालवायला सर्वांत चांगली. २०२२ पासूनच्या पेट्रोल गाडीत २.० टीएसआय टर्बो इंजिन, १९० पीएस ताकद, ३२० एनएम टॉर्क, चारही चाकांना जोर. मस्टँगवरून उतरलेल्या माणसाला तीच आवडणार. पण दुसऱ्या रांगेत बाक आहे, आणि तुमच्या मांडणीत तिथेच अडतं. मनावर दगड ठेवून ती यादीतून काढा.

एक्सयूव्ही७०० पेट्रोल: २.० टर्बो, २०० पीएस, ३८० एनएम. डिझेल ऑटोमॅटिक: १८५ पीएस, ४५० एनएम. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे २०२१ मध्ये मिळाले. ओव्हरटेक करताना हायक्रॉसपेक्षा मोकळी वाटते. पण तिसरी रांग मोठ्या माणसाला कोल्हापूरपर्यंत पुरणारी नाही, गुडघे छातीशी येतात. टर्बो पेट्रोल रोजच्या कोथरूड–मगरपट्टा गर्दीत इंधन भरपूर पितं. दिवसाचे ३०–३५ किमी आणि त्यातले बरेचसे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हे टर्बो पेट्रोलचं सर्वांत वाईट काम. डिझेल घेतलंत तर गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांनी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो. ती काजळी जाळायला अधूनमधून सलग २०–२५ मिनिटं महामार्गाचा वेग लागतो. महिन्याच्या कोल्हापूरने ते निभेल, पण एखाद्या महिन्यात जाणं चुकलं तर लक्षात ठेवावं लागेल.

हायक्रॉस हायब्रिड: २.० लिटर पेट्रोल आणि मोटर मिळून १८६ पीएस, कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किमी. शहरात हायब्रिडचा फायदा सर्वांत जास्त, कारण ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि तुमच्या गर्दीतून बॅटरी भरते. सांगाडा मोनोकॉक (बॉडी आणि चौकट एकसंध) आहे, इनोव्हा क्रिस्टासारखा लॅडर फ्रेम (वेगळ्या चौकटीवर बसवलेली बॉडी) नाही, त्यामुळे खड्ड्यात मागची रांग उसळत नाही. भारत एनकॅपचे पाच तारे २०२५ मध्ये मिळाले.

तिची एक सवय आधीच माहीत असू द्या. ई-सीव्हीटीमध्ये, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिकमध्ये, ठराविक गिअर नाहीत. खंबाटकी घाट चढताना पेडल खोल दाबलंत की इंजिन एका चढ्या सुरात अडकल्यासारखं वाजत राहतं आणि वेग मागून येतो. मस्टँगच्या पेडलची सवय असलेल्या पायाला हे खटकतं. उपाय हा की पेडल अर्ध्यावर धरून ठेवायचं, मोटरचा जोर लगेच येतो. तळाशी दाबून फारसं काही जास्त मिळत नाही.

सर्वांत मोठा बदल वळणात आहे. मस्टँग जमिनीला चिकटून वळते. सात माणसांच्या उंच गाडीत वजन वर असतं आणि मागचे प्रवासी ते पोटात अनुभवतात. मुलं ओकतात ती वेगामुळे कमी, ब्रेकच्या झटक्याने आणि वळणात स्टिअरिंग दोनदा दुरुस्त केल्याने जास्त. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक पूर्ण करा, एकाच कोनात वळण घ्या, वळण सुटताना हळू पेडल द्या. चाचणीला बोपदेव घाटातून न्या, आणि अर्धं अंतर तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. तिथे हवा बाहेर येणारी एसीची जाळी कुठे आहे, मांडीला आधार मिळतो का, हे तेव्हाच कळतं.

पाचही माणसं आणि सामान असताना टायरमधली हवा रोजचीच ठेवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. हवा थंड टायरमध्ये, निघण्याआधी भरायची. साताऱ्याला पोचल्यावर तपासली तर आकडा चढलेला दिसतो आणि पंपवाला विनाकारण हवा सोडतो.

---

घाटमाथा_७१

थोडं वेगळं मत. महिन्यातून एकदाच पाच माणसं आणि रोज एक-दोन, तर स्कोडाची स्लाव्हिया १.५ टीएसआय ही सेडान बघा. १५० पीएस, ५२१ लिटरची डिकी, ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. बजेटपेक्षा बऱ्याच कमी पैशांत येईल. कोल्हापूरला त्या एका दिवशी मोठी गाडी भाड्याने घ्यायची. आणि सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उभी असताना डिकी किती उरते? हायक्रॉसची ३०० लिटर. बाबागाडी, दोन बॅगा आणि बाळाचं सामान त्यात मावत नाही.

---

मागची_सीट

डिकीचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्याकडून राहिला. तिसऱ्या रांगेत एकच माणूस आहे, म्हणून अर्धी सीट पाडून बाबागाडी तिथे उभी घालता येते. ती पट्ट्याने किंवा जाळीने बांधा. जोरात ब्रेक लागला तर सुटी बाबागाडी थेट पुढे येते. शोरूमला जाताना तुमची स्वतःची बाबागाडी आणि बेबी सीट घेऊन जा, आणि सगळं लावून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा.

स्लाव्हिया मात्र इथे बसत नाही. सेडानची सीट खाली असते, ७२ वर्षांच्या गुडघ्यांना रोज वाकून आत जाणं हा त्रास महिन्यातून एकदाचा नाही. भाड्याच्या गाडीत आयसोफिक्स असेलच असं नाही, आणि बेबी सीट दर वेळी नव्याने बसवणं म्हणजे दर वेळी चुकीची बसण्याची शक्यता.

---

आरटीओ_फेरी

विकण्याचं. क्रम महत्त्वाचा आहे, ग्राहक आल्यावर धावपळ केलीत तर तो भाव पाडतो.

सर्वांत आधी बोजा उतरवा. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दोन प्रतींत. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर बँकेकडून नवी घ्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, त्याशिवाय बोजा आणि हस्तांतर दोन्ही अडतात. ई-चलन, पीयूसी आणि विमा चालू आहे का तेही बघा. मग मूळ एक्झॉस्ट परत बसवा. रचनेतला बदल आरसीत नोंदलेला नसेल तर तपासणीत अडचण येते, आणि समजदार ग्राहक मूळ स्थितीतल्या गाडीलाच पैसे देतो. बाहेरचं एक्झॉस्ट वेगळं विका.

हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. ग्राहक दुसऱ्या आरटीओचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागेल. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. नाव बदलेपर्यंत चलन आणि अपघात दोन्ही तुमच्या नावावर येतात. गाडी डीलरकडे सोडत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी ने पोर्टलवर होते, आणि तेव्हापासून जबाबदारी त्याची.

एक्स्चेंजला देऊ नका असं माझं ठाम मत आहे. रोजच्या गाड्या विकणाऱ्या शोरूमला ५.० व्ही८ कुणाला विकायची हे माहीत नसतं, तो ती पुढच्या व्यापाऱ्याच्या भावाने घेतो. महागड्या जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याकडे 'पार्क अँड सेल'ला लावा, म्हणजे मालकी तुमची, विक्री त्याची. करारात किलोमीटरचा आकडा, चाचणीची मर्यादा, नुकसान कोणाचं आणि कमिशन हे चारही लिहून घ्या. एक्स्चेंजचा भाव तुलनेला घ्याच, पण 'गाडीची किंमत' आणि 'एक्स्चेंज बोनस' हे दोन आकडे वेगळे लिहून मागा. एकत्र सांगितलेल्या आकड्यात नव्या गाडीची सूट लपवलेली असते.

ग्राहक काय तपासेल? रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र घेऊन येईल. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, ३०० च्या वर गेला की पॅनेल पुन्हा रंगवलंय हे त्याला कळतं. एखादं दार रंगवलं असेल तर आधीच सांगा आणि बिल दाखवा. टायरच्या कडेवर चार आकडी कोड बघा. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. नक्षी कितीही असली तरी सहा वर्षांचा टायर तो भावातून वजा करणार. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेन्टेनन्स चार्जर लावून ठेवा. बॅटरी उतरल्यावर डॅशबोर्डवर असंबद्ध इशारे लागतात आणि ग्राहकाला वाटतं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं. सुट्या भागांचं काय, हे तो विचारणारच, कारण फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेने लावलेली फाइल हेच त्याचं उत्तर.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं बेकायदा आहे. खासगी वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तुम्ही व्यापारी नाही, त्यामुळे विकताना जीएसटी नाही. नवी घेताना दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) कापतात, तो विवरणपत्रात परत मागता येतो, पावती जपा.

रोड टॅक्सचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. मस्टँग पूर्ण आयात, महाराष्ट्रात तिला २० टक्के भरले असणार. इथे बनलेल्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के. कंपनीच्या नावावर घेऊ नका, तिथे पुन्हा २० आहेत.

नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मस्टँगवर पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्के. विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वनुकसान (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर सवलत मिळते. हे पत्र न घेता जुनी पॉलिसी ग्राहकाला देऊन टाकणारे बरेच असतात.

---

कात्रज_जुना_बोगदा

मनापासून आभार. हायक्रॉस, कॅप्टन सीट, हे पक्कं. दोन शंका उरल्या. बाळ माझ्या मागे असेल तर गाडी चालवताना ते मला दिसणार कसं? आणि मस्टँग विकायच्या आधी नवी बुक करावी का?

---

मागची_सीट

चालवताना बाळाकडे बघायचंच नाही. मागच्या हेडरेस्टला लावायचे आरसे मिळतात, पण ते सैल बसले तर अपघातात उडतात, आणि नजर रस्त्यावरून काढून तिथे जाते. तिसऱ्या रांगेतला माणूस उजवीकडे न बसवता डावीकडे बसवा. मधल्या वाटेतून त्याला बाळाचा चेहरा तिरका दिसतो.

---

आरटीओ_फेरी

बुकिंग करा, पण पैसे परत मिळण्याच्या अटी पावतीवर लिहून घ्या. नोंदणी मात्र मस्टँग विकून एनसीबीचं पत्र हातात आल्यावर. नव्या गाडीची पॉलिसी आधी निघाली तर पहिल्या वर्षाची ती सवलत हातची जाते. डिसेंबरात डिलिव्हरी आली आणि चारच दिवसांचा प्रश्न असेल तर नोंदणी जानेवारीत करा. पुढे विकताना आरसीवरचं वर्ष बघतात. पण चासी नंबरवरून उत्पादनाचा महिनाही काढतात, म्हणून गोदामात सहा महिने पडलेली गाडी जानेवारीच्या नोंदणीने नवी होत नाही. पैसे भरण्याआधी तो महिना शोरूमकडून लेखी घ्या.